जस्टिनचा ‘दुसरा देव’ आणि निकेयाचा ‘एकतत्त्व’ : सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांच्या लेखी मशीहा नेमका कोण?

मोडीवाचक (प्रश्न)

जस्टिन या दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकाचा ‘त्रिफोशी संवाद’ वाचतो आहे (त्रिफो हा यहुदी). प्रकरण ५६ मध्ये तो म्हणतो की मम्रेपाशी अब्राहामाला जो दिसला तो सर्वांच्या निर्मात्याहून वेगळा, त्याच्या अधीन असलेला ‘दुसरा देव आणि प्रभू’ होता आणि तोच पुढे ख्रिस्त म्हणून आला. हा मजकूर इ.स. १६० च्या आसपासचा. ३२५ साली निकेया इथल्या बिशपांच्या परिषदेत मात्र पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच तत्त्वाचा, असे ठरले. मग जस्टिन चुकीचा होता, की मध्यंतरी श्रद्धाच बदलली?

दुसरे असे की, बऱ्याच ठिकाणी एक जिना दाखवतात. मार्कमध्ये (सुमारे ७०) येशू बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र ठरतो, मत्तय आणि लूकमध्ये जन्मापासून, योहानात (सुमारे ९०–१००) अनादि काळापासून. म्हणजे साधा माणूस पायरीपायरीने देव झाला. हे मूळ मजकुरांवर टिकते का? आणि मुळात ‘मशीहा’ या शब्दातच देवपण होते का?

कोणते उतारे, कोणत्या क्रमाने ताडून पाहावेत हे सांगितले तर बरे होईल. श्रद्धेचा वाद नको आहे. त्या लेखकांना काय म्हणायचे होते एवढेच हवे आहे.

---

ताडपत्र

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच येतो.

‘माशीआख’ म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. लेवीय ४ मध्ये तो शब्द याजकाला लावला आहे, १ शमुवेल २४ मध्ये दावीद तो शौलाला लावतो, आणि यशया ४५:१ मध्ये तर पारसचा राजा कोरेश, म्हणजे यहुदीही नसलेला माणूस, देवाचा अभिषिक्त आहे. मृत समुद्राकाठच्या कुमरान या यहुदी समूहाचा नियमग्रंथ ‘अहरोनाचा आणि इस्राएलाचा’ असे दोन अभिषिक्त येतील म्हणतो. या शब्दात देवपण नाही. ‘ख्रिस्तोस’ हे त्याचेच ग्रीक भाषांतर. म्हणून ‘येशू मशीहा आहे’ आणि ‘येशू देव आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. एकाचा पुरावा दुसऱ्याला लावला की वाचन फसते.

जस्टिनच्या पुस्तकातला त्रिफो हेच म्हणतो. प्रकरण ८ मध्ये तो सांगतो की मशीहा जन्मला असला तरी एलीया येऊन त्याला अभिषेक करीपर्यंत त्याचे त्यालाही कळणार नाही. मशीहाला दुःख भोगावे लागेल हे तो मान्य करतो. पण ८९–९० मध्ये अडतो तो क्रूसापाशी, कारण अनुवाद २१:२३ नुसार झाडाला टांगलेला शापित असतो. हाच अडसर पौलाने गलतीकरांस ३:१३ मध्ये शंभर वर्षे आधी हाताळला आहे. पहिल्या पिढीचा मोठा प्रश्न ‘माणूस देव कसा?’ हा नव्हताच. ‘शापित मरण आलेला माणूस अभिषिक्त कसा?’ हा होता. त्याचे उत्तर त्यांनी पुनरुत्थानात शोधले, आणि त्याची भाषा स्तोत्र ११०:१ मधून घेतली: ‘माझ्या उजवीकडे बैस.’ नव्या करारात जुन्या करारातले सर्वांत जास्त वापरलेले वचन हेच आहे.

आता जिना. पहिली पायरी मार्क नाही, पौल आहे, आणि तिथेच जिना मोडतो. १ करिंथकरांस हे पत्र ५३–५५ च्या सुमाराचे, म्हणजे क्रूसापासून जेमतेम २५ वर्षांवरचे. त्यात ८:६ पाहा: एकच देव, पिता, ज्याच्यापासून सर्व झाले, आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त, ज्याच्याद्वारे सर्व झाले. अनुवाद ६:४ च्या ‘परमेश्वर आमचा देव एकच’ या कबुलीतले ‘देव’, ‘प्रभू’ आणि ‘एक’ हे तीन शब्द घेऊन पौलाने ते दोघांत वाटले आहेत. सृष्टीच्या कामात येशूला जागा दिली आहे. फिलिप्पैकरांस २:१०–११ मध्ये यशया ४५:२३ चे वचन, जिथे खुद्द परमेश्वर म्हणतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल, येशूच्या नावाला जोडले आहे. मार्कच्या आधीच.

उलट तोच पौल रोमकरांस १:३–४ मध्ये म्हणतो की तो देहाने दाविदाच्या वंशात जन्मला आणि पुनरुत्थानाने सामर्थ्यानिशी देवाचा पुत्र ‘ठरवला गेला’. म्हणजे वरची आणि खालची भाषा एकाच माणसाच्या लेखणीतून, एकाच दशकात.

स्तोत्र २:७ घ्या: ‘तू माझा पुत्र आहेस, आज मी तुला जन्म दिला.’ हे ‘आज’ कधीचे? प्रेषितांची कृत्ये १३:३३ ते पुनरुत्थानाला लावते. लूक ३:२२ च्या बेझा या प्राचीन ग्रीक-लॅटिन हस्तलिखितात ते बाप्तिस्म्याच्या वेळी ऐकू येते, आणि जस्टिनही बाप्तिस्म्याचे वचन तसेच उद्धृत करतो. इब्री १:५ मध्ये ते देवदूतांपेक्षा श्रेष्ठत्व दाखवायला येते, आणि त्याच अध्यायात त्याच्याद्वारे विश्वे निर्माण झाली असेही आहे. ‘आज’ हा शब्द दिसला की लेखक ‘याआधी तो पुत्र नव्हता’ असे म्हणतोच असे धरू नका. अभिषेकाच्या दिवशी राजाला ‘पुत्र’ म्हणण्याची ती जुनी भाषा आहे.

मार्कसुद्धा वाटतो तितका ‘खालचा’ नाही. १:३ मध्ये ‘प्रभूचा मार्ग तयार करा’ हे यशयाचे वचन येशूच्या येण्याला लावले आहे. ६:४८ मध्ये तो समुद्रावर चालतो आणि ईयोब ९:८ प्रमाणे ते देवाचे काम आहे. १४:६२ मध्ये तो स्तोत्र ११० आणि दानीएल ७:१३ एकत्र बोलतो, तेव्हा मुख्य याजक वस्त्रे फाडतो. आणि तरी १०:१८ मध्ये ‘मला उत्तम का म्हणतोस? देवाखेरीज कोणी उत्तम नाही’ हेही मार्कनेच ठेवले आहे.

---

काजळदिवा

वरचा प्रतिसाद पहिल्या शतकापुरता अगदी बरोबर आहे. जस्टिनबद्दल लिहितो.

‘दुसरा देव’ ऐकून दोन देव मानल्यासारखे वाटते. जस्टिनची अडचण वेगळी होती. उत्पत्ती १८ मध्ये परमेश्वर अब्राहामाकडे येतो, निर्गम ३ मध्ये झुडपातून बोलतो. पण सर्वांचा पिता स्वर्ग सोडून जमिनीच्या एका कोपऱ्यात कसा येईल? त्या काळच्या शिकलेल्या यहुदी आणि ग्रीक वाचकाला हे पटत नसे. मग दिसला तो कोण? जस्टिनचे उत्तर: लोगोस, म्हणजे देवाचा ‘शब्द’. त्याचा आवडता पुरावा उत्पत्ती १९:२४, जिथे ‘परमेश्वराने परमेश्वरापासून’ सदोमावर अग्नी पाडला. वाक्यात दोघे आहेत, असे तो बोट ठेवून दाखवतो. आलेक्सांद्रियाचा यहुदी विचारवंत फिलो याने त्याच्या शंभरेक वर्षे आधी लोगोसला ‘दुसरा देव’ म्हटलेलेच होते, त्यामुळे हा शब्दप्रयोग जस्टिनने शून्यातून आणलेला नाही. नवे आहे ते एवढेच की तो लोगोस पिलातासमोर उभा राहिलेला माणूस आहे.

मूळ वाक्य मात्र पूर्ण वाचा: तो संख्येने वेगळा आहे, ‘ग्नोमे’ने नाही, म्हणजे मनाने किंवा इच्छेने नाही. प्रकरण १२८ तर फारच महत्त्वाचे. तिथे जस्टिन काही लोकांचे मत खोडतो. त्यांच्या मते लोगोस म्हणजे सूर्याचा प्रकाश. सूर्य मावळला की तोही परत गेला, त्याला वेगळे अस्तित्व नाही. जस्टिन म्हणतो, तसे नव्हे. एका ज्योतीने दुसरी ज्योत लावावी तसे. दुसरी खरोखर वेगळी, पण पहिली तसूभरही कमी झालेली नाही. ‘दुसरा’ हा शब्द तो वापरतो तो मुख्यतः पुत्र केवळ पित्याचे एक रूप नाही हे सांगायला.

पुढच्या दीडशे वर्षांचे भांडण या दोन उपमांमधले आहे. पुत्राचे वेगळेपण घट्ट धरले की देव दोन होतात. देवाचे एकत्व घट्ट धरले की पुत्र हे पित्याचेच दुसरे नाव ठरते आणि क्रूसावर पिताच मेला असे म्हणावे लागते. नोएतस आणि साबेल्लियस हे शिक्षक दुसऱ्या बाजूला गेले. त्याच बाजूच्या प्राक्सियसवर टर्टुलियनने ठेवलेला आरोप प्रसिद्ध आहे: याने पित्याला क्रूसावर चढवले.

टर्टुलियन (कार्थेज, सुमारे २१३) लॅटिनमध्ये ‘एक सुब्स्तान्तिया (तत्त्व), तीन पेर्सोना (व्यक्ती)’ अशी भाषा देतो. उपमा तीन: मूळ–झाड–फळ, झरा–नदी–पाट, सूर्य–किरण–किरणाचे टोक. इतक्यावरून तो निकेयाचाच माणूस वाटतो. पण त्याच पुस्तकाच्या ९व्या प्रकरणात पिता म्हणजे संपूर्ण सुब्स्तान्तिया आणि पुत्र त्यातून निघालेला अंश असे तो लिहितो, आणि आधार म्हणून योहान १४:२८ देतो, ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे.’ हेर्मोगेनेसविरुद्धच्या पुस्तकात तर असा एक काळ होता की पुत्र नव्हता, असेही म्हणतो. त्याचा आशय असा की ‘पिता’ हे नाते पुत्राच्या जन्माने सुरू होते, देव मात्र सदैव आहे. निकेयाच्या मसुद्याच्या शेवटी ज्यांना शाप दिला आहे त्यांत ‘तो नव्हता असा एक काळ होता’ म्हणणारे पहिले आहेत. शंभराहून अधिक वर्षे आधीच्या लेखकाला त्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

ही वाट ओरिगनने (सुमारे १८५–२५३) बंद केली. त्याच्या मते पुत्राचा जन्म काळात घडलेली घटना नाही. तेज दिव्यातून सतत निघावे तसा तो नित्य आहे. तरीही योहानावरच्या भाष्यात तो पित्याला ‘आपसूक देव’ म्हणतो आणि पुत्राला त्याच्याकडून देवत्व मिळते म्हणतो. १९४१ मध्ये इजिप्तमधल्या तुरा इथे त्याचा हेराक्लिदेस या बिशपाशी झालेला संवाद सापडला. त्यात ओरिगन त्या बिशपाकडून वदवून घेतो की एका अर्थाने दोन देव म्हणायला भिऊ नये, आणि दुसऱ्या अर्थाने एकच म्हणावे.

थोडक्यात, जस्टिन ते ओरिगन यांच्यात पुत्र खरा, सृष्टीआधीचा, पूजनीय आणि पित्याहून दुय्यम आहे. चारही गोष्टी एकाच वेळी. निकेयाने चौथी काढून टाकली.

---

मोडीवाचक

दोघांचे मनापासून आभार. दोन उपप्रश्न. (१) मग येशूला नुसता माणूस मानणारे ख्रिस्ती खरोखर होते का, की विरोधकांनी रंगवलेले? (२) पुत्र दुय्यम ही जुनीच भाषा असेल, तर अरियसचे चुकले कुठे?

---

शिवणदोरा

(१) होते. सर्वांत विश्वासार्ह साक्ष जस्टिनचीच आहे, कारण तो तिथे शिव्या देत नाही. संवादाच्या ४८व्या प्रकरणात तो म्हणतो की येशू मशीहा आहे असे कबूल करणारे, पण तो माणसांपासून जन्मलेला माणूस आहे असे मानणारे काही लोक आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही. एवढेच. २० वर्षांनी आयरेनियस हा बिशप त्याच प्रकारच्या गटाला एबियोनी म्हणतो, ते फक्त मत्तयाचे शुभवर्तमान वापरतात आणि पौलाला धर्मत्यागी समजतात असे सांगतो, आणि त्यांना पाखंडी यादीत घालतो. सहमत नसणे ते बहिष्कार हे अंतर त्या दोन दशकांत पार झाले.

रोममध्ये बिझान्तियमचा थिओदोतस, चामड्याचे काम करणारा, हे मत मांडत असे. बिशप विक्टरने १९० च्या दशकात त्याला मंडळीबाहेर काढले. त्याचे अनुयायी म्हणत की आमचीच शिकवण प्रेषितांची मूळ. उत्तरादाखल जुनी स्तोत्रे आणि जस्टिनसारखे लेखक पुढे केले गेले. स्तोत्रांचा मुद्दा खरा आहे: ११२ च्या सुमारास रोमन सुभेदार प्लिनी सम्राट त्रायानला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ‘ख्रिस्ताला, जणू देवाला’ स्तोत्र म्हणतात. हा साक्षीदार ख्रिस्ती नाही, त्याला धर्मशास्त्राशी देणेघेणे नाही, म्हणून मला त्याचे मोल जास्त वाटते. याहून जुना धागा ‘मारानाथा’चा: ‘आमच्या प्रभो, ये.’ अरामी भाषेतली ही हाक पौलाच्या ग्रीक पत्रात (१ करिंथकरांस १६:२२) आणि दिदाखे या सुरुवातीच्या मंडळीच्या नियमपुस्तकाच्या १०व्या प्रकरणात तशीच राहिली. म्हणजे येशूला ‘प्रभू’ म्हणून साद घालणे अरामी बोलणाऱ्या पहिल्या मंडळीतलेच आहे. ग्रीक शहरांत उगवलेले नाही.

दोन्हींच्या मधला मजकूरही असतो, तो विसरू नका. रोममधल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या दुसऱ्या शतकातल्या पुस्तकात (पाचवा दाखला) देवाने आधीपासून असलेल्या पवित्र आत्म्याला देहात वसवले, आणि त्या देहाने निर्मळ सेवा केली म्हणून त्याला सोबती करून घेतले, असे येते. हे ना थिओदोतसमध्ये बसते ना योहानात. तरी हे पुस्तक मंडळ्यांत प्रेमाने वाचले जाई आणि चौथ्या शतकातल्या सिनाई हस्तलिखितात नव्या कराराच्या पाठोपाठ ते लिहिलेले आहे.

(२) अरियस आलेक्सांद्रियाचा वडील (प्रेस्बितर). वाद सुमारे ३१८ ला पेटला. त्याने नवे वचन शोधले नाही. नीतिसूत्रे ८:२२ घेतले, जिथे ज्ञान म्हणते की प्रभूने मला आपल्या मार्गांचा आरंभ म्हणून ‘निर्मिले’. ज्ञान म्हणजे पुत्र हे दोन्ही पक्षांना मान्य. सेप्तुआजिंतमध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, क्रियापद ‘एक्तिसेन’ आहे, सरळ ‘निर्मिले’. हिब्रूत ‘काना’, ज्याचा अर्थ मिळवणे, बाळगणे असाही होतो. जस्टिनने हेच वचन वापरले होते, पण ‘निर्मिणे’ आणि ‘जन्म देणे’ यांत रेघ न ओढता. अरियसने रेघ ओढली आणि पुत्राला निर्मितीच्या बाजूला ठेवले, शून्यातून झालेला. निकेयाने तीच रेघ मान्य करून पुत्र दुसऱ्या बाजूला ठेवला: ‘जन्मलेला, केलेला नव्हे.’ जुन्या लेखकांची अर्धी वाक्ये अरियसकडे आहेत आणि अर्धी त्याचा विरोधक अथनेशियस याच्याकडे. जस्टिन ज्या धूसर जागेत उभा होता ती जागाच ३२५ नंतर उरली नाही.

आणि ‘होमोऊसिओस’वर अनेक बिशपांचा आक्षेप अरियसच्या प्रेमापोटी नव्हता. तो शब्द पवित्र शास्त्रात नाही. शिवाय २६८ च्या अंत्युखियाच्या सभेने समोसाताच्या पौलाला (हा प्रेषित पौल नव्हे, एक बिशप) काढताना तोच शब्द नाकारल्याचे चौथ्या शतकातले लेखक सांगतात. शब्द पक्का बसायला ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेपर्यंत वाट पाहावी लागली.

---

ओळंबा

मराठीतून वाचणाऱ्यांसाठी काही जागा सांगतो, जिथे भाषांतर बरोबर असूनही पाय घसरतो.

‘प्रभू’ आणि ‘परमेश्वर’. योएल २:३२ मराठीत ‘परमेश्वराच्या नावाचा’ धावा म्हणते, रोमकरांस १०:१३ ‘प्रभूचे नाव’. ग्रीकमध्ये दोन्हीकडे ‘किरिओस’ आहे, आणि चारच वचने आधी (१०:९) पौलाने ‘येशू प्रभू आहे’ असे म्हटले आहे. मराठी वाचकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, त्यामुळे पौलाची उडी दिसतच नाही. उलट स्तोत्र ११०:१ मध्ये हिब्रूत दोन शब्द आहेत (देवाचे नाव आणि ‘अदोनी’), ग्रीकमध्ये दोन्ही ‘किरिओस’, आणि मराठी पुन्हा ‘परमेश्वर’ व ‘प्रभू’ असे वेगळे करते. तिथे मराठी हिब्रूच्या जवळ आहे. म्हणून जुन्या कराराचे अवतरण दिसले की तीन रकाने करा: हिब्रू, सेप्तुआजिंत, मराठी. ‘प्रभू’ कुठे कोण आहे ते लिहा. अर्ध्या तासाचे काम, पण पौल उलगडतो.

‘शब्द देव होता’ (योहान १:१). ग्रीकमध्ये पहिल्या ‘देव’ला उपपद आहे, दुसऱ्याला नाही. मराठीला उपपदच नाही, म्हणून दोन्ही सारखे दिसतात. ओरिगनचा वर सांगितलेला भेद याच उपपदावर उभा आहे. पण व्याकरणावर एवढे ओझे टाकू नका: ग्रीकमध्ये विधेय क्रियापदाआधी आले की उपपद बहुधा गळतेच, त्यामुळे ‘एक देव’ असे भाषांतर करणे घाईचे ठरते.

‘शब्द देही झाला’ (१:१४). गीता २:२२ मधला ‘देही’ म्हणजे जुनी वस्त्रे टाकून नवी नेसावीत तशी शरीरे बदलणारा. तो अर्थ कानात असेल तर योहानाचे वाक्य उलटे ऐकू येते. मूळ शब्द ‘सार्क्स’, मांस. शब्दाने मांस पांघरले असे नाही, तो मांस झाला. त्रालेस आणि स्मुर्णाच्या मंडळ्यांना लिहिताना अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस नेमका याच गैरसमजावर तुटून पडतो: खरोखर जन्मला, खरोखर खाल्ले-प्यायले, खरोखर क्रूसावर गेला. येशू केवळ माणसासारखा ‘भासला’ म्हणणारे त्याच्यासमोर होते. येशूला माणूस मानायला अडखळणारे लोक दुसऱ्या शतकाच्या आरंभीच आहेत, हेही तुमच्या जिन्याच्या विरोधातच जाते. ‘अवतार’ हा शब्द याच कारणाने इथे जपून वापरावा.

---

ताडपत्र

ओळंबा यांच्या तीन रकान्यांना माझी जोड. क्रम असा धरा: १ करिंथकरांस ८, फिलिप्पैकरांस २, रोमकरांस १ आणि १०, मग मार्क एका बैठकीत, मग इब्री १–२ आणि योहान १, मग इग्नाशियसचे इफिसकरांना पत्र, मग जस्टिनच्या संवादातली ४८, ५५ ते ६२ आणि १२८ ही प्रकरणे. टर्टुलियन त्यानंतरच.

सापळे चार. इग्नाशियसची पत्रे लांब आणि आखूड अशा रूपांत आहेत. लांब रूपात चौथ्या शतकातली भर आहे. जुन्या इंग्रजी संग्रहांत ती दोन्ही शेजारीशेजारी छापलेली असतात, तेव्हा आखूड रकाना वाचा. ओरिगनचे ‘मूलतत्त्वांविषयी’ मुख्यतः रुफिनस या अनुवादकाच्या लॅटिनमधून उरले आहे, आणि त्रैक्याविषयीचे खटकणारे भाग आपण दुरुस्त केले हे रुफिनस स्वतःच प्रस्तावनेत सांगतो. ओरिगनचे मत ठरवायला योहानाचे ग्रीक भाष्य धरा. १ योहान ५:७ मधले स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचे वाक्य जुन्या भाषांतरांत दिसते, पण प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत नाही.

चौथा १ तीमथ्य ३:१६. ‘देव देहात प्रकट झाला’ की ‘जो देहात प्रकट झाला’? लेखक पवित्र नावे संक्षेपात लिहीत. ‘थेऑस’चे थीटा आणि सिग्मा एवढेच, वर एक आडवी रेघ. ‘जो’ म्हणजे ‘होस’, त्यात ओमिक्रॉन आणि सिग्मा. गोल अक्षराच्या पोटात एक रेघ आणि डोक्यावर एक, एवढाच फरक. सिनाई हस्तलिखितात मूळ हाताने ‘जो’ लिहिले आहे. वर नंतरच्या हाताने ‘थेऑस’ची भर घातलेली दिसते.